बातमीची वेबसाईट भरवशाची आहे का, हे कसं बघायचं

पावसाळा लागला की तापीवरच्या हतनूर धरणाचे सगळे 41 दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ आपल्या ग्रुपवर येतोच, खाली कुठल्यातरी लाईव्ह नाहीतर एक्सप्रेस नावाच्या पोर्टलची लिंक. आता दरवाजे उघडतात हे खरंय भो, पण व्हिडिओ आजचा का तीन-चार पावसाळ्यांपूर्वीचा, ते कोणी बघत नाही आणि तापीकाठच्या गावांत उगाच पळापळ होते.

अशी बातमी आली की हेडिंग सोडा, आतलं वाचा. ज्यानं खरंच विचारपूस केलीय तो लिहितो किती दरवाजे, किती मीटरनं उघडले, विसर्ग किती क्युसेक, किती वाजताची माहिती आणि सांगितलं कोणी. ज्यानं नुसती उचललीय त्याच्याकडे "नागरिकांमध्ये घबराट", "सूत्रांची माहिती" आणि मधे मधे जाहिराती, बस. तारीखही बघा, पण वर "अपडेटेड" लिहिलं म्हणून बातमी ताजी होत नाही, जुनीच परत चिकटवतात.

मग साईटच्या तळाशी जा, "आमच्याविषयी" आणि "संपर्क" उघडा. संपादकाचं नाव, ऑफिसचा पत्ता, फोन आहे का? खेडा खरेदीला, म्हणजे गावात येऊन माल घ्यायला, गाडी घेऊन आलेला नवा व्यापारी दिसला की आपण आधी विचारतो ना, कुठला, कोणाचा माणूस, पैसे बुडाले तर कोणाच्या दारात जायचं, तेच इथं विचारायचं. नुसता एक जीमेल आयडी टाकला असेल तर उद्या चूक निघाली की धरणार कोणाला?

पत्त्याच्या ओळीकडेही लक्ष द्या. सरकारी योजनांच्या नावानं तर बाजारच मांडलाय. पीएम किसानची खरी साईट पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन, हे शेवटचं गव्ह डॉट इन सरकारी खात्यांनाच मिळतं. नावात किसान, योजना, महा असं सगळं घालून शेवटी नुसतं डॉट कॉम असेल तर ती कोणाचीही असू शकते, तिथं आधार नंबर टाकायचा नाही. साईट कधी काढली ते हूइज सर्चमध्ये (साईटच्या नावाची नोंद दाखवणारी सेवा) दिसतं, "20 वर्षांची परंपरा" लिहिणाऱ्याचं डोमेन, म्हणजे साईटचं नाव, मागच्या महिन्यातलं निघालं तर काय समजायचं ते समजा.

"आरएनआय नोंदणीकृत" लिहिलेलं पाहून पण भुलू नका, आरएनआय म्हणजे वृत्तपत्रांची नोंदणी करणारं केंद्राचं कार्यालय, ती नोंदणी छापील पेपरची असते, पोर्टलची किंवा युट्यूब चॅनलची नाही.

शंका आली तर बातमीतलं एक आख्खं वाक्य कॉपी करून गुगलला टाका, तेच वाक्य दहा पोर्टलवर जसंच्या तसं सापडलं तर ते दहा साक्षीदार नाहीत, एकाचीच नक्कल आहे, मूळ कोणाचं आणि आधी कोणी टाकलं ते शोधा. फोटोला गुगल लेन्स लावा, तोच फोटो आधी कुठं आलाय का ते दिसतं. याला कंटाळा करू नका, साक्री तालुक्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 ला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेतून जमावानं भटक्या समाजातल्या पाच माणसांचा जीव घेतला, आपल्याच धुळे जिल्ह्यात. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर हे मराठीत पडताळणी करतात, केंद्र सरकारच्या योजनांचं असेल तर सरकारच्याच माहिती कार्यालयाचं पीआयबी फॅक्ट चेक बघा. गावपातळीवरचं मात्र तिथं मिळेलच असं नाही, त्याला तलाठी नाहीतर पोलीस पाटलाला फोन लावणं बरं.

माझ्या मते सगळ्यात पक्की परीक्षा म्हणजे दुरुस्ती. चुका मोठ्या पेपरच्याही होतात, पण चूक झाली हे खाली लिहितात का गुपचूप बातमीच उडवतात? 2021 च्या आयटी नियमांत डिजिटल बातम्यावाल्यांनी तक्रार अधिकारी नेमायचा, 15 दिवसांत तक्रार निकाली काढायची असं लिहिलंय, कोर्टात त्यावर भांडणं झाली ते सोडा, पण ज्यांनी त्या माणसाचं नाव साईटवर टाकलंय त्यांना चूक कळवून तर बघा, उत्तर येतं का ते कळेल. आणि जिथून उत्तरही नाही, दुरुस्तीही नाही, त्यांचं नोटिफिकेशन क्रोमच्या साईट सेटिंगमधून ब्लॉक करून टाका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमधून आधी.