गाडीचं राखाडी पडलेलं प्लास्टिक काळं करताय? या चुका टाळा

गाडीला आठ-दहा वर्षं झाली की रंग अजून बरा दिसतो, पण बंपरची कड, दारांवरच्या पट्ट्या, आरशांचे बुंधे आणि वायपरखालचं काऊल (पुढच्या काचेच्या तळाशी असलेलं प्लास्टिकचं आवरण) राखाडी पडतं. मग ‘काळं करणारी’ बाटली येते आणि त्याच दिवशी फासली जाते. तक्रारी सुरू होतात त्या इथूनच.

हे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रोपिलीनचं असतं. त्याला वरून रंग दिलेला नसतो, काळेपणा आतच मिसळलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा थर तुटतो आणि खडूसारखा भुसभुशीत होतो. शिवाय दाणेदार पृष्ठभागाच्या खळग्यांत जुनं वॅक्स आणि मळ बसलेला असतो. त्यावर काहीही लावलं तरी ते चिकटतं भुकटीला, आणि भुकटीबरोबरच सुटतं.

पांढऱ्या गाडीवर ही चूक लगेच उघडी पडते. संध्याकाळी सगळं काळंभोर दिसतं. पहिला जोराचा पाऊस झाला की आरशाच्या बुंध्यापासून दारावर मळकट काळे ओघळ उतरतात. ते पुसून माणूस बाटलीतलं तेच ड्रेसिंग, म्हणजे काळं करणारं तेलकट द्रव, पुन्हा लावतो, मग अजून एकदा. तिसऱ्या हातानंतर त्या चिकट थरावर धूळ बसते आणि प्लास्टिक आधीपेक्षा मळकं दिसू लागतं. आता काम दुप्पट, कारण मुळातल्या मळाआधी हे तेलकट थर काढावे लागतात.

म्हणून निम्म्याहून जास्त वेळ धुण्याला द्या. एक भाग ऑल पर्पज क्लीनर, दहा भाग पाणी. मऊ नायलॉनचा ब्रश घ्या, सांध्यांसाठी जुना टूथब्रश. एका वेळी हातभर भाग घासा आणि फेस वाळायच्या आत धुऊन टाका. पहिला फेस करडा निघेल, दुसरा जरा उजळ. तो पांढरा येईपर्यंत थांबायचं नाही, मग चार फेऱ्या लागल्या तरी चालेल. नंतर कोरडं करा. पट्ट्यांच्या मागे पाणी अडून राहतं, म्हणून अर्धा तास तरी जाऊ द्या. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा. पांढरं फडकं दाबून फिरवा. त्यावर करडा डाग उठला तर पुन्हा ब्रश हातात घ्या. इथे घाई करणाऱ्याला कितीही महागडी बाटली उपयोगाची नाही.

दुसरी चूक हीट गनची, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राची. व्हिडिओत झोत फिरतो आणि राखाडी प्लास्टिक क्षणात काळं होतं, म्हणून मोह पडतो. तिथे होतं इतकंच की वरचा खराब थर वितळून पुन्हा बसतो. उन्हापासून नवं संरक्षण काहीच मिळत नाही, त्यामुळे राखाडीपणा परत येतो. पॉलिप्रोपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि हीट गनचा झोत ५०० अंशांच्या पुढे जातो. हात क्षणभर एका जागी थांबला की दाणे बसून तिथे गुळगुळीत, चकचकीत चट्टा उठतो. पातळ कड असेल तर लाटेसारखी वाकते. तो चट्टा कशानेही झाकत नाही, तो भागच बदलावा लागतो. शेजारचा रंग भाजतो ते वेगळंच. आमच्या मते ही पद्धत गाडीवर वापरूच नये.

पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका. प्लास्टिक फुगतं, आगीचा धोकाही असतो. जवसाचं तेल लावू नका. त्यावर धूळ बसते, आणि त्या तेलाने भिजलेल्या फडक्यांचे चुरगळलेले बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. स्प्रे रंग द्यायचाच असेल तर प्लास्टिकचा प्रायमर आधी हवा, नाहीतर रंग सालपटासारखा निघतो. दारांच्या काचांमधल्या चकचकीत काळ्या खांबांवर धुण्याचा ब्रश चालवू नका, ओरखडे पडतील. तापलेल्या प्लास्टिकवर काहीही लावू नका. सावली हवी आणि हाताला गार लागलं पाहिजे.

ड्रेसिंग काही धुण्यांपुरतंच टिकतं. जास्त टिकाऊ हवं असेल तर ट्रिम कोटिंग (अशा प्लास्टिकवर वाळून बसणारा थर) घ्या, पण आधी शेजारच्या रंगावर मास्किंग टेप लावा. ॲप्लिकेटरवर (कोटिंग लावायच्या स्पंजवर) चार-पाच थेंब घ्या, हात आधी आडवा, मग उभा फिरवा आणि बाटलीवर दिलेल्या वेळेत जादाचं पुसून काढा. राहिलेलं कोटिंग वाळलं की चकाकणारे डाग होतात, आणि दाणेदार भागावर ते घासून काढता येत नाहीत. बहुतेक वेळा त्याच कोटिंगचा ताजा थेंब डागावर फिरवून लगेच पुसला की ते विरघळतात, पण हे त्याच दिवशी करायला हवं. २४ तास पाणी लागू देऊ नका आणि आठवडाभर शाम्पू टाळा.

पुढे गाडीला वॅक्स करताना या पट्ट्यांवर पुन्हा टेप लावा. तरीही दाण्यांत पांढरं वॅक्स अडकलंच, तर कोरड्या फडक्याने रगडू नका, ते आणखी खोल बसतं. अल्कोहोल-पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने ते काढा.