भाड्याच्या घरावर पक्षाचा झेंडा किंवा फलक लावण्यापूर्वी भाडेकरूने काय पाहावे

निवडणूक जाहीर झाली की आपल्या पसंतीच्या पक्षाचा झेंडा गॅलरीत लावावा किंवा उमेदवाराचे चित्र खिडकीत चिकटवावे, अशी इच्छा भाड्याने राहणाऱ्या अनेकांना होते आणि घरमालक काय म्हणेल या धास्तीने बरेचजण ती मनातच ठेवतात. भाडेकरूला असा फलक लावण्याचा हक्क आहे किंवा नाही, असे एका वाक्यात सांगणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. त्यामुळे उत्तर शोधताना आपला करारनामा, घराच्या ताब्याचे स्वरूप, सोसायटीचे उपविधी (म्हणजे तिची नियमावली) आणि निवडणुकीचे नियम, हे सारे एकत्र वाचावे लागते.

मत व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (१) (क) मध्ये आहे, आणि राष्ट्रध्वज सन्मानाने फडकावणे हा या स्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदल प्रकरणात जानेवारी २००४ मध्ये सांगितले. हे स्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्ध आहे, घरमालकाशी आपले नाते मात्र कराराचे असते. अनुच्छेद १९ आणि २१ खालील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात, असे घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये बहुमताने म्हटले असले, तरी त्या निकालाचा कागद घरमालकापुढे धरून झेंड्याला परवानगी मिळवता येईल, इतकी ही वाट सरळ नाही. भांडणाची सुरुवात घटनेपासून करू नये, करारनाम्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या हातातला कागद नेमका कोणता आहे, हे प्रथम पाहावे. पुण्यामुंबईत आज बहुतेकांकडे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो. अशा करारात कायद्याच्या दृष्टीने आपण भाडेकरू नसून परवानाधारक असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपताच घर सोडावे लागते, आणि न सोडल्यास परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. म्हणजे झेंड्यावरून घरमालक नाराज झाला तर त्याला न्यायालयात काहीही सिद्ध करावे लागत नाही. तो करार वाढवत नाही, एवढेच. हा धोका खरा आहे आणि तो लक्षात घेऊनच पुढचे पाऊल टाकावे.

पागडीच्या घरात किंवा जुन्या भाडेकरारावर राहणाऱ्याची स्थिती बरीच भक्कम असते. तेथे भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी कलम १६ मधील एखादे कारण घरमालकाला न्यायालयात सिद्ध करावे लागते. लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणे, घराची कायमची हानी होईल असे कृत्य करणे आणि शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वागणे, ही त्यांपैकी झेंड्याशी संबंध जोडता येण्यासारखी कारणे आहेत. ग्रिलला सुतळीने बांधलेला कापडी झेंडा यांपैकी कशातही बसेल असे मला वाटत नाही. मात्र कठड्याला ड्रिलने भोके पाडून लोखंडी पाइप सिमेंटमध्ये पक्का बसवला, किंवा झेंड्याबरोबर दिवसभर भोंगाही लावला, तर घरमालकाच्या वकिलाच्या हाती आपणच मुद्दा दिल्यासारखे होते.

करारनाम्यात ‘बोर्ड’, ‘नामफलक’, ‘जाहिरात’, ‘बाह्यभागात बदल’ आणि ‘केवळ निवासी वापर’ या शब्दांची वाक्ये शोधून सावकाश वाचावीत. ‘परवानगीशिवाय कोणताही बोर्ड लावणार नाही’ असे कलम छापील मसुद्यात असेल, तर ते आपल्यावर बंधनकारक आहे असे धरूनच चालावे. करार लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केलेली नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, त्याविरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

नवा करार करताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी एक वाक्य घालून घेता आले तर पुढचा बराच त्रास टळतो. एजंटाकडचा मसुदा बदलता येत नाही असे सांगितले जाते, पण नोंदणीपूर्वी दोघांच्या संमतीने त्यात अट घालता येते. ती साधारण अशी असावी: ‘निवडणुकीच्या काळात परवानाधारकास घराच्या खिडकीत किंवा गॅलरीच्या आतील बाजूस, भिंतीला छिद्र न पाडता व रंग न लावता, काढता येण्याजोगा झेंडा अथवा फलक स्वखर्चाने लावता येईल, निकालानंतर सात दिवसांत तो काढून जागा पूर्ववत केली जाईल.’ यात पक्षाचे नाव मुद्दाम घातलेले नाही, कारण मालकाला न आवडणाऱ्या पक्षालाच तेवढी मनाई, असा प्रकार त्यामुळे टळतो. करार आधीच झालेला असेल, तर व्हॉट्सॲपवर दोन ओळींत विचारून उत्तर जपून ठेवावे. जिन्यात भेटल्यावर तोंडी मिळालेला ‘हो’ वेळेला पुरावा म्हणून दाखवता येत नाही.

जागेच्या निवडीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. खिडकीच्या काचेला आतून लावलेल्या कागदावर आक्षेप घेणे सर्वांत अवघड, कारण तो आपल्या ताब्यातल्या जागेत असतो आणि भिंतीला धक्का लावत नाही. गॅलरीच्या कठड्यावरून बाहेर लोंबणारे कापड मात्र इमारतीच्या दर्शनी भागाचा प्रश्न बनते. इमारतीची बाहेरची भिंत, गच्ची, जिना, लिफ्ट, फाटक आणि कुंपण ही सोसायटीची सामाईक जागा असते. तेथे घरमालकाची परवानगी पुरेशी ठरत नाही, कारण ती देण्याचा अधिकार त्याला एकट्याला नसतो. आपण सोसायटीचे फार तर नाममात्र सभासद असतो आणि सभेत आपल्याला मत नसते, म्हणून उपविधींची किंवा ठरावाची प्रत घरमालकामार्फतच मागवावी. सेक्रेटरीने ‘असा नियम आहे’ म्हटले, तर तो नियम कागदावर दाखवा, असे नम्रपणे सांगण्यात काहीच गैर नाही. नियम सर्व पक्षांना आणि सर्व सदनिकांना सारखा लावला जातो का, हेही पाहावे. मालक राहतात त्या घरांवर झेंडे चालतात आणि भाडेकरूंच्याच घरांवर चालत नाहीत, अशी वागणूक असेल, तर ती लेखी तक्रारीत ठळकपणे मांडावी.

आता निवडणुकीचे नियम. राजकीय पक्षाने किंवा उमेदवाराने कोणाच्याही जागेवर, इमारतीवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय झेंडे, बॅनर, पत्रके लावू देऊ नयेत, असे आदर्श आचारसंहिता सांगते. स्वतःच्या जागेवर स्वेच्छेने, कोणाच्या दबावाशिवाय आणि इतरांची गैरसोय न करता झेंडा लावण्यास निवडणूक आयोगाची हरकत नसते, मात्र एका घरावर तीनपेक्षा जास्त झेंडे नकोत. भाडेकरूने येथे मालकाची लेखी संमती जवळ ठेवावी, म्हणजे निवडणुकीचे तपासणी पथक दारात आले तर दाखवायला कागद असतो. नुसता पक्षाचा झेंडा आणि ‘अमुक उमेदवाराला मत द्या’ असा फलक यांत फरक आहे. उमेदवाराच्या प्रचारावर त्याच्या लेखी अधिकाराशिवाय खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे. म्हणून असा फलक स्वतः छापून आणू नये. उमेदवाराच्या कार्यालयातून आलेला फलक असेल तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता आहे ना, हे खालच्या कडेला पाहून घ्यावे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७ अ नुसार ते आवश्यक असते. भिंत रंगवण्याचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण तेथे १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आडवा येतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत निवडणुकीशी संबंधित कोणतीही सूचना किंवा चिन्ह दाखवणे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३० खाली दंडनीय आहे आणि त्यात खासगी जागाही येते. समोरच्या महापालिका शाळेत केंद्र असेल, तर आपल्या गॅलरीतला झेंडा आदल्या रात्रीच उतरवून ठेवावा. महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याची आचारसंहिता वेगळी असते, म्हणून प्रत्येक वेळी ताजा आदेश पाहावा.

उलट प्रसंगही घडतो. कार्यकर्ते येऊन आपल्या दारावर स्टिकर चिकटवून जातात, किंवा घरमालक स्वतःच्या पक्षाचा फ्लेक्स आपल्या गॅलरीला टांगायला सांगतो. घर आपल्या ताब्यात असताना नाही म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि मत न दाखवण्याचे स्वातंत्र्य हे मत दाखवण्याइतकेच मोलाचे आहे. लोकसभा व विधानसभा निवडणुकीत अशी तक्रार निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर छायाचित्रासह करता येते आणि १९५० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

झेंड्याच्या रागातून घरमालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई केली आहे. सामान बाहेर काढून कुलूप लावले, तर ताबा परत मिळवण्यासाठी विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली दावा लावता येतो, पण तो सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. अशा वेळी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि भाडे मात्र एक दिवसही थकवू नये, कारण थकबाकी हे घरमालकाच्या हातातले सर्वांत सोपे शस्त्र असते.

कॅलिफोर्नियात भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणि तेथे मतदार झालेल्यांना हा सारा खटाटोप बराच कमी करावा लागतो. तेथील दिवाणी संहितेच्या कलम १९४०.४ नुसार सहा चौरस फुटांपर्यंतचा राजकीय फलक खिडकीत, दारावर किंवा गॅलरीत लावण्यास घरमालक सरसकट मनाई करू शकत नाही. मतदानाच्या आधी किमान ९० दिवस आणि नंतर किमान १५ दिवस त्याला मुभा द्यावी लागते. इतकी नेमकी तरतूद आपल्याकडेही व्हायला हवी.

तोपर्यंत झेंडा लावण्यापूर्वी ग्रिलचे, भिंतीचे आणि काचेचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत. काचेवर चिकटपट्टीऐवजी पाण्याने निघणारा डिंक वापरावा आणि निकालानंतर झेंडा उतरवून त्याच जागेचे पुन्हा फोटो घेऊन ते घरमालकाला पाठवावेत, म्हणजे घर सोडताना डिपॉझिटमधून रंगरंगोटीचे पैसे कापण्याला आधार उरत नाही.