भावगीतांच्या कार्यक्रमात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड: या चुका टाळा

कीबोर्डवर 'स्ट्रिंग्ज'चा टोन लावून मेजर कॉर्ड (सा-ग-प एकत्र) धरलेली असते, गायिका शुद्ध गंधारावर थांबते आणि सूर खटकतो. दोष तिच्या माथी मारला जातो, पण बहुतेक वेळा तो तिचा नसतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार षड्जापासून 386 सेंटवर असतो (काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट), कीबोर्डचा 400 वर. म्हणजे 14 सेंट चढा. तयार कानाचा गळा तानपुऱ्याला मिळायला जातो आणि कीबोर्ड त्याला वर ओढत राहतो. पेटीचा गंधारही बहुधा असाच असतो, पण पेटीवाला गळ्यामागून जातो, स्वर लावून लगेच सोडतो. म्हणून गायक ठहराव घेईल तिथे नुसते सा-प धरा, गंधार गळ्यासाठी मोकळा ठेवा. कीबोर्डवर स्केल ट्यूनची (एकेका स्वराचा सूर वेगळा बदलण्याची) सोय असेल तर गंधाराची पट्टी 14 सेंट उतरवता येते. मात्र ट्रान्सपोज (सगळी पट्टी वर-खाली सरकवणारी सोय) लावल्यावर नेमकी कोणती पट्टी उतरली, ते वाजवून बघा. मला सा-पचाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

सगळे काळी दोनमध्ये असूनही जुळत नसेल, तर पेटी 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नाही असं समजा. पेटीचा सूर मंचावर उतरवता-चढवता येत नाही. तिचा सूर ट्यूनरवर मोजा आणि कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग (सगळ्या स्वरांचा एकत्रित सूर) व इलेक्ट्रॉनिक तानपुरा तिच्याकडे आणा. मागच्या गाण्याचं ट्रान्सपोज तसंच राहिलंय का, हे पुढच्या गाण्याआधी पाहायचंच.

ऑक्टोपॅडवर (काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) एका पॅडला मारलं की शेजारचाही वाजतो. लगेच थ्रेशोल्ड (पॅड वाजायला लागणाऱ्या आघाताची किमान पातळी) वाढवू नका, त्याने हलके बोल गिळले जातात आणि भावगीताचा ठेका तर त्या हलक्या बोलांवरच उभा असतो. आधी स्टँड घट्ट करा, मग बेसच्या स्पीकरपासून दूर सरका, तरीही वाजला तरच थ्रेशोल्डला हात लावा.

पॅडवाला तबल्याच्या मागे पडतोय? त्याला मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला जवळचा स्पीकर) मिळालाय का, ते आधी बघा. आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. दहा मीटरवरच्या स्पीकरमधून स्वतःचा ठेका ऐकणारा माणूस 30 मिलिसेकंद उशिरा ऐकतो. लय कितीही पक्की असली तरी तो रेंगाळणारच.

स्पीकरमधून 50 हर्ट्झची घरघर येत असेल, तर सगळ्या वाद्यांची वीज एकाच बोर्डावरून घ्या आणि डीआय बॉक्सचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीचं) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ऑडिओ केबलची ग्राउंड जोडणी तोडणारं, बटण दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन कापायची नाही, घरघर थांबली तरी नाही. त्याने जिवाला धोका असतो.