पुलडाउनचा बँड आणि मध्ये लपलेला डीएनए

जीएसटी पुलडाउन म्हणजे एका प्रोटीनला जीएसटी हे टॅग-प्रोटीन जोडून ते बीड्सवर (बारीक मण्यांवर) बांधायचं आणि दुसरं प्रोटीन त्याला चिकटून येतं का ते जेलवर बघायचं. इथपर्यंत आलात म्हणजे प्रोटीन बनवता येतंच. बीएल२१ बॅक्टेरिया, ०.६ ओडीला (कल्चरच्या गढूळपणाचं माप) प्रोटीन बनवणं सुरू करणारं आयपीटीजी, रात्रभर १८ अंश सेल्सिअस. त्यावर शब्द खर्चत नाही. फक्त एक पाळा: कंट्रोलच्या ट्यूबमधलं नुसतं जीएसटी मायक्रोग्रॅममध्ये नाही, मोलमध्ये जुळवा. जीएसटी २६ किलोडाल्टन, तुमचं फ्यूजन (जीएसटी जोडलेलं प्रोटीन) ५२ असेल, तर १० मायक्रोग्रॅम फ्यूजनसमोर ५ मायक्रोग्रॅम जीएसटी.

आता खरी गोम. बेट (बीड्सवर बांधलेलं प्रोटीन) आणि प्रे (त्याला चिकटतं का ते बघायचं प्रोटीन) दोन्ही डीएनए किंवा आरएनएला चिकटणारे असतील, तर ते एकमेकांना न शिवताही एकाच धाग्यावर बसून सोबत खाली येतात. जेलवर प्रेचा बँड ठसठशीत येतो, कंट्रोलची लेन स्वच्छ असते. असणारच! जीएसटी डीएनए धरतच नाही, म्हणून हा घोटाळा त्या कंट्रोलला पकडता येत नाही. हे नीट डोक्यात बसवा. इथे महिनेच्या महिने वाया जातात.

आधी २६०/२८० बघा, म्हणजे २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर. स्वच्छ प्रोटीनला ०.६च्या आसपास येतं. १च्या वर गेलं की न्यूक्लिक अ‍ॅसिड सोबत आलंय. मग बेन्झोनेज हे डीएनए-आरएनए तोडणारं एन्झाइम वापरा, पण त्याला १-२ मिलिमोलर मॅग्नेशियम लागतं. सीनियरकडून आलेल्या बफरमध्ये बहुधा १ मिलिमोलर ईडीटीए असतं आणि ते मॅग्नेशियम गिळून टाकतं. एन्झाइम घातलं, काम शून्य, आणि आपण मात्र निर्धास्त. प्रोटिएज इनहिबिटरही ईडीटीए नसलेलंच घ्या. उतरवून घेतलेल्या प्रोटोकॉलमधला प्रत्येक घटक कशासाठी आहे हे सांगता येत नसेल, तर तो बफर बनवू नका.

क्रम असा: बेट बीड्सवर असतानाच कमी मिठात बेन्झोनेज, नंतर १ मोलर सोडियम क्लोराइडने दोन वॉश, मग १५० मिलिमोलरवर परत. जास्त मिठात एन्झाइम मंदावतं, म्हणून उलटं करू नका. प्रेलाही बेन्झोनेज द्या. ते रेटिक्युलोसाइट लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या, प्रोटीन बनवणाऱ्या रसात) प्लाझ्मिडवरून बनवलं असेल, तर तो डीएनए तुम्हीच त्यात घातलेला असतो. ट्रान्सलेशन पूर्ण झाल्यावरच एन्झाइम घाला.

बँड गेला तर हताश होऊ नका. दोघं एकाच डीएनए किंवा आरएनएवर बसतात, हेही हाती लागलेलं उत्तरच आहे. टिकला, तर पुढच्या जेलवर ५ टक्के इनपुट (घातलेल्या प्रेचा तेवढा भाग) शेजारी लावा. किती प्रे अडकलं ते त्याच्याशी ताडूनच कळतं.