ट्रंकेतली पैठणी आणि शालजोडी कशी वाचायची

पणजीची पैठणी आमच्याकडे कायम "पेशव्यांच्या वेळची" म्हणूनच सांगितली जायची. लग्नकार्यात ती बाहेर निघायची, बायका पदरावरून हात फिरवायच्या आणि ती परत ट्रंकेत जायची. चाळिशी उलटल्यावर एकदा मी ती खिडकीपाशी नीट उलगडली, तेव्हा लक्षात आलं की ती पेशवाईतली नाहीच. पेशवाई १८१८ साली बुडाली, आणि ही पैठणी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, इंग्रजी अमदानीत विणलेली आहे. ते कशावरून कळलं हे सांगते, म्हणजे तुमच्या घरातल्या जुन्या वस्त्राला तुम्हीच विचारू शकाल.

सकाळचा उजेड घ्या, पण थेट ऊन नको. बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा, कारण जरीत अडकल्या की धागा ओढला जातो. हाताला तेल किंवा क्रीम नको. जमिनीवर धुतलेली पांढरी चादर अंथरा. जवळ मोजायची टेप आणि सोनार वापरतात तसलं भिंग असू द्या. नऊवारी एकट्यानं उलगडायला जाऊ नका. पदर जड असतो, अंग विरलेलं असतं, आणि हवेत धरलं की पदराच्या वजनानंच ते फाटतं.

पहिल्यांदा पदर उलटा करा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदरातल्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. विणकर ताण्याचे, म्हणजे उभे धागे बोटांनी उचलतो, कांडी तेवढ्याच भागातून फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणतो. म्हणून मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. भिंगातून मोराच्या मानेची कड पाहा. दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत गुंतलेले दिसतील, आणि वळणाची रेघसुद्धा बारीक पायऱ्यापायऱ्यांची असेल. मागे लांब सुटे धागे दिसले किंवा ते कापून टाकलेले दिसले, तर नक्षी जकार्डवर, म्हणजे छिद्रं पाडलेल्या पत्त्यांनी आपोआप नक्षी उठवणाऱ्या मागावर काढलेली आहे आणि तिला पैठणी म्हणून फार जुनी समजू नका. मग काठाकडे या. काठाचा रंग अंगाच्या बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात मिसळून धूपछाव झाला असेल तर ती एकधोटी, म्हणजे एकाच धोट्यानं (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनानं) विणलेली. काठ स्वतःच्याच रंगाचा, भरीव असेल तर कडियल, म्हणजे तीन धोट्यांचं काम. अंग सुती निघालं म्हणून पैठणी खोटी ठरवू नका, जुन्या काही पैठण्यांचं अंग सुताचंही असतं.

आता रंग, कारण आमच्या पणजीच्या पैठणीचं कोडं इथेच सुटलं. तिच्या बुट्ट्यांतला एक जांभळा रंग शेजारच्या पांढऱ्या रेशमात उतरलाय, शाई टिपकागदावर पसरावी तसा. प्रयोगशाळेत बनलेला पहिला जांभळा रंग विल्यम पर्किननं १८५६ साली काढला. त्याच्या मागोमाग किरमिजी, हिरवे, निळे असे कृत्रिम रंग युरोपातून डब्यांत भरून आपल्याकडे येऊ लागले. सुरुवातीचे हे रंग भडक असायचे, पण पाण्याला आणि उन्हाला टिकायचे नाहीत. त्याआधीचं लाल लाखेचं किंवा किरमिजाचं असायचं, निळं निळीचं. हिरवा रंग निळीवर पिवळा चढवून करत, आणि पिवळा आधी उडतो, म्हणून जुना हिरवा घडीच्या बाहेरच्या बाजूला निळसर झालेला दिसतो. ही खूण मला फार आवडते. खात्री करायची तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात किंचित ओला पांढरा कापूस नुसता टेकवा, घासू नका. एक ध्यानात ठेवा: कृत्रिम रंगावरून "याच्या आधीची नाही" एवढंच कळतं, नेमकं साल नाही. आणि काळे-गडद तपकिरी धागे सगळ्यात आधी झडलेले दिसले तर घाबरू नका. लोहाचा अंश वापरून रंगवलेलं रेशीम असंच आधी कुजतं.

रेशमाचा प्रवास तर आणखी लांबचा आहे. इंग्लंडमध्ये १७०० साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून हिंदुस्थानी रेशमी कापड वापरायला तिथे बंदी आली. १७६९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी बंगालला लिहून कळवलं की कच्च्या रेशमाला उत्तेजन द्या, रेशमी कापड विणण्याला नको. त्यांना आपला धागा हवा होता, आपलं विणकाम नको होतं. पैठण्या विणणाऱ्या येवल्याच्या मागांवर चढणारं कच्चं रेशीम एकोणिसाव्या शतकात बरंचसं चीनमधून मुंबईच्या बंदरात यायचं. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि येवला त्या मार्गावर आलं. पैठण मात्र निजामाच्या मुलखात राहिलं. म्हणजे आमच्या पैठणीत रेशीम बहुधा चीनचं, एक रंग तरी युरोपचा, आणि बोटं तेवढी आपल्या विणकराची. मला यात कमीपणा वाटत नाही. सगळा माल परक्या बोटीवर अवलंबून असताना कुणीतरी मोर बिनचूक विणत होतं, याचंच मला अप्रूप आहे.

जरीचा धागा भिंगाखाली पाहा. खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. मुलामा उडाला तिथे करडं-काळं दिसलं तर आत चांदी आहे, तांबूस किंवा हिरवट दिसलं तर तांबं. घासून चमकवायचा मोह आवरा. आणि कृपा करून वजनावर विकू नका. १९८० च्या सुमारास माझ्या मावशीनं सासूची पैठणी जुनी जर घेणाऱ्याला दिली. त्यानं अंगणातच पदर कापला, जाळला, राख धुतली आणि चांदीचा गोळा तराजूत टाकला. मी तिथे उभी होते. पदरावर बांगडी-मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलातले मोर होते एवढं आठवतं. रंग आठवत नाही, आणि तो आता कुणालाच सांगता येणार नाही.

शालीचं वाचन वेगळं. शालजोडी हा शब्द अक्षरशः घ्या, काश्मिरी शाली जोडीनंच विकल्या आणि दिल्या जायच्या. आमच्याकडे एकच आहे, कारण वाटणीत दोघा भावांनी एकेक घेतली. शाल उलटी करा. काश्मीरची कानी शाल पैठणीच्याच जातीची: लाकडी काड्यांवर रंगीत धागे, रंग एकमेकांत गुंतवलेले, फक्त वीण तिरक्या रेघेची. मागे रंगांच्या सीमेवर बारीक कंगोरे लागतात. मागची बाजू कापलेल्या धाग्यांनी लवदार झाली असेल तर ती पेझली किंवा फ्रान्सची, जकार्डवरची नक्कल असणार. पेझली हे स्कॉटलंडमधलं गाव. आपल्या कोयरीला आज जगभर त्याच्याच नावानं ओळखतात, हे मला अजून बोचतं. सुईचं भरतकाम असेल तर ती अमली शाल.

मग सांधे शोधा. कानीचं काम इतकं सावकाश चालायचं की एकोणिसाव्या शतकात एकच शाल अनेक मागांवर तुकड्यांत विणून रफूगराकडून जोडून घेऊ लागले. बोटांना सांधा कळतो, डोळ्यांना कित्येकदा नाही. कोयरीची लांबीही बोलते. १८०० च्या आसपास कोयऱ्या पदरावर ओळीनं उभ्या असायच्या आणि मधलं अंग मोकळं. १८६० पर्यंत त्या लांबत, वाकत सगळी शाल व्यापून बसल्या, मध्ये जेमतेम एक चौकोन उरला. ही युरोपातल्या गिऱ्हाइकाची आवड.

तीच आवड घात करून गेली. १८४६ च्या अमृतसरच्या तहात इंग्रजांनी काश्मीर ७५ लाख नानकशाही (शीख राज्यातल्या) रुपयांना जम्मूच्या राजा गुलाबसिंगाला दिलं, आणि दरसाल एक घोडा, १२ शालीच्या बकऱ्या आणि तीन शालजोड्या मागून घेतल्या. विणकरांवर दाग-शालचा कर होता, दाग म्हणजे कर भरल्याचा शिक्का. २९ एप्रिल १८६५ ला श्रीनगरचे विणकर करांविरुद्ध झालडगरला जमले. सैनिक चालून आले, पळताना माणसं पाण्यात बुडाली. मृतांचा आकडा २८ सांगितला जातो. पुढे १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रान्सची बाजारपेठ कोसळली, आणि शालीचा धंदा पुन्हा तसा उभा राहिला नाही. येवल्याचं गिऱ्हाईक मात्र इथल्या लग्नघरांत होतं. दुष्काळात माग थांबले, पण पाऊस झाला की लग्नं लागायची आणि पैठणी लागायचीच.

पाहून झालं की जुन्या घडीवर परत घडी घालू नका, जरीचा धागा तिथेच तुटतो. घडीत मऊ मलमलीची गुंडाळी ठेवा आणि धुतलेल्या सुती कापडात बांधा. प्लास्टिक नको. वेखंडाची पुरचुंडी बाजूला ठेवा. डांबरगोळी किंवा अत्तर जरीला लागू देऊ नका. दर चार महिन्यांनी घडी बदला.

शेवटी एक चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून कापडाच्या बाहेरच्या घडीत ठेवा, शाई पाझरते. आमच्या चिठ्ठीवर असं आहे: "पणजीची. साडेआठ वार, अर्धा वार कापलेला, बहुधा कुणाच्या झबल्यासाठी. कडियल. पदर दोन्ही बाजूंनी सारखा. जर चांदीची. जांभळ्या बुट्टीचा रंग फुटलेला, म्हणून १८५६ नंतरची. ओली करू नये."