कर्नलचा नंबर वाचताना

अंबडच्या एका कारखान्यात मी वायफाय कार्ड बसवत होतो. कार्डाच्या कागदावर लिहिलेलं, ६.९ किंवा त्यापुढचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लागेल. मशीनवर होता ६.१०. बरोबरचा मुलगा म्हणाला, ‘‘दादा, कर्नल जुना आहे, अपडेट मारू या.’’

त्याला म्हटलं, हा दशांश अपूर्णांक नाही. पोथीत सहाव्या अध्यायाची नववी ओवी संपली की दहावी येते, तसं वाच. ६.९ च्या पुढचा ६.१०, मग ६.११. टिंब फक्त आकडे सुटे करतं.

तर टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘युनेम -आर’ (uname -r) टाका, कर्नलचा नंबर दिसेल; त्यातला एकेक आकडा सुटा वाचा. पहिल्याचं फार मनावर घेऊ नका. ३.१९ नंतर ४.० (२०१५), ४.२० नंतर ५.० (२०१९), ५.१९ नंतर ६.० (२०२२): दुसरा आकडा फार वाढला की लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स पहिला बदलतात, एवढंच. नव्या गोष्टी येतात त्या दुसऱ्या आकड्याबरोबर, साधारण नऊ-दहा आठवड्यांनी. तिसऱ्यात फक्त दुरुस्त्या, म्हणून तो वाढला की बिनधास्त घ्या. शेवटी ‘आरसी’ असेल तर ती चाचणीची आवृत्ती; कामाच्या मशीनवर नकोच. दुसरा आकडा सम तर कर्नल पक्का, विषम तर कच्चा, हा नियम २.६ पासूनच सुटला. आजही कुणी तो सांगितला की मला वाईट वाटतं, कारण त्यापायी लोक चांगले कर्नल टाळतात.

खरी गल्लत पुढे होते. २०२४ च्या मार्चमध्ये सातपूरला डेबियन १२ च्या (डेबियन हा लिनक्सचा एक डिस्ट्रो, म्हणजे तयार संच) मशीनवर दिसलं: ६.१.०-१८-एएमडी६४. मालक घाबरले, तिसरा आकडा शून्य, म्हणजे एकही दुरुस्ती आली नाही? तसं नव्हतं. ते शून्य आणि १८ हे डेबियनचे स्वतःचे आकडे, एएमडी६४ म्हणजे प्रोसेसरची जात. ‘युनेम -व्ही’ (uname -v) टाकल्यावर खरा नंबर दिसला, ६.१.७६. रेड हॅट ९ या दुसऱ्या डिस्ट्रोवर तर कायम ५.१४ च दिसतो. नव्या कर्नलमधल्या दुरुस्त्या ते त्यातच आणून बसवतात. तिथे डॅशनंतरचा आकडा बघायचा.

म्हणून अडचण विचारताना माझ्याकडे दोन्ही ओळी पाठवा, आर आणि व्ही, आणि डिस्ट्रोचं नाव. नुसतं ‘सहा पॉइंट एक आहे’ यावरून मला काहीच सांगता येत नाही.