निवडणुकीतील पैशाचे आश्वासन कसे तपासावे

निवडणूक जवळ आली की थेट खात्यात रक्कम जमा करण्याची आश्वासने सुरू होतात आणि त्यांवरची चर्चा दोन टोकांना अडकून पडते. एका बाजूला ‘रेवडी’ म्हणून घेणाऱ्याला हिणवले जाते, तर दुसऱ्या बाजूला देणाऱ्या नेत्याचा जयजयकार होतो. या दोन्हींमध्ये मतदाराच्या हाती काहीच लागत नाही. वाढती आर्थिक विषमता, तिच्यावर पोसला जाणारा लोकानुनय आणि त्यातून लोकशाहीवर होणारा परिणाम हे सारे एका आश्वासनाच्या तपासणीतूनही समजून घेता येते. त्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. सरकारी कागदपत्रे, साधा गुणाकार आणि काही नेमके प्रश्न पुरेसे आहेत. उदाहरण म्हणून येथे पात्र स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा करणारी महाराष्ट्रातील ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना घेतली आहे, कारण तिचे बहुतेक कागद मराठीत उपलब्ध आहेत आणि तिची रक्कम संपूर्ण राज्याच्या हिशेबावर परिणाम करण्याइतकी मोठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. महिन्याला १,५०० रुपये मिळाल्याने ज्या घरातील स्त्रीला औषधासाठी किंवा मुलांच्या वह्यांसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही, त्या घराला तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. पुढील सर्व प्रश्न देण्याच्या रीतीविषयी आहेत, घेणाऱ्या स्त्रीविषयी नाहीत.

विषमता कोणत्या मापाने मोजली आहे

तपासणीची सुरुवात मापापासून करावी, कारण एकाच देशाला एकाच वेळी अत्यंत समान आणि अत्यंत विषम ठरवता येते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने भारत हा जगातील सर्वाधिक समान देशांमध्ये चौथा असल्याचे प्रसिद्ध केले. त्याचा आधार जागतिक बँकेच्या टिपणातील २०२२-२३ चा २५.५ हा गिनी निर्देशांक होता. या मापात ० म्हणजे पूर्ण समता आणि १०० म्हणजे पूर्ण विषमता. हा निर्देशांक उपभोगावरील खर्चाचा आहे. त्याच टिपणात उत्पन्नातील विषमतेचा अंदाज दिला होता, आणि तो २०२३ साठी ६२ होता. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण श्रीमंत माणूस आपल्या उत्पन्नाचा मोठा भाग खर्च न करता शेअर, जमीन आणि ठेवींमध्ये ठेवतो आणि खर्चाच्या पाहणीत तो भाग दिसतच नाही. शिवाय अतिश्रीमंतांच्या घरांपर्यंत अशा पाहण्या क्वचितच पोहोचतात. ज्या देशांशी ही तुलना केली गेली, त्यांपैकी अनेकांचे आकडे उत्पन्नावर बेतलेले आहेत. मार्च २०२४ मध्ये ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’ या विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी मांडलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का भारतीयांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. म्हणून विषमतेविषयी कोणताही आकडा समोर आला की तो उपभोगाचा आहे, उत्पन्नाचा आहे की संपत्तीचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

राज्यापुरते पाहायचे तर अर्थसंकल्पाच्या तोंडावर प्रसिद्ध होणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ उघडावी. २०२४-२५ साठी तिने राज्याचे दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये अंदाजले होते. ही सरासरी आहे आणि मुंबई, ठाणे, पुणे यांच्या जोरावर ती वर चढते. गडचिरोली, नंदुरबार किंवा वाशिमच्या वाचकाने जिल्हावार तक्ता काढून आपला आकडा तिच्याशी ताडून पाहावा. तो ताडतानाही सावध राहावे. जिल्हा उत्पन्न हे जेथे उत्पादन होते तेथे नोंदले जाते, त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात खाण किंवा वीजकेंद्र असेल तर त्याची नोंद जिल्ह्याच्या नावावर पडते, नफा मात्र दुसऱ्याच शहरात जातो. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्हा हाच घटक मानून अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या विकासातील तूट, सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा ठरवला होता. राज्यातील विषमतेवर रस्ते, सिंचन, शाळा आणि आरोग्यसेवेच्या भाषेत बोलण्याची ती पद्धत होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) खालील, विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि त्यानंतर त्या भाषेत बोलण्याची अधिकृत जागाच उरली नाही. ही जागा रिकामी होणे आणि थेट रकमेचे राजकारण वाढणे यांचा संबंध आहे, असे माझे मत आहे.

आश्वासनामागे कायदा आहे की शासन निर्णय

लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि त्याच दिवशी महिला व बालविकास विभागाचा शासन निर्णय निघाला. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घ्यावा आणि त्यात तीन गोष्टी शोधाव्यात : पात्रता कोणी व कशी तपासायची, नाकारलेल्या अर्जदाराने दाद कोणाकडे मागायची, आणि लाभ थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे. शासन निर्णय मंत्रालयातून बदलता येतो. कायदा बदलायचा असेल तर विधिमंडळात विधेयक आणावे लागते, त्यावर बोलावे लागते आणि मत द्यावे लागते.

हा फरक किती मोठा आहे हे महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम देता आले नाही तर बेकारभत्ता, अशी ती हमी होती. अंमलबजावणीत उणिवा होत्या, मजुरी उशिरा मिळत असे, मस्टरमध्ये, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटात, गैरप्रकार होत. तरीही मजुराच्या हाती एक गोष्ट होती. तो तहसील कचेरीवर मोर्चा नेऊन ‘कायद्याने देणे लागता’ असे म्हणू शकत होता, आणि तसे मोर्चे निघालेही. त्या योजनेला पैसा कोठून आला हेही तितकेच महत्त्वाचे आहे. त्यासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला गेला आणि शहरातील पगारदार, व्यापारी व व्यावसायिक यांच्याकडून घेतलेल्या पैशात राज्याने आपला वाटा घालून तो ग्रामीण मजुरापर्यंत पोहोचवला. कोण देणार आणि कोणाला मिळणार, हे दोन्ही उघडपणे सांगितलेले होते. आजच्या प्रत्येक आश्वासनाला हीच कसोटी लावावी.

गुणाकार करून पाहावा

जाहीर सभेतील रक्कम आणि अर्थसंकल्पातील तरतूद यांचा मेळ लावणे हे या कामातले सर्वांत उपयोगी पाऊल आहे. महिना १,५०० म्हणजे एका स्त्रीमागे वर्षाला १८,००० रुपये. योजना जाहीर करताना वार्षिक खर्च ४६,००० कोटी रुपये सांगितला गेला. त्याला १८,००० ने भागले की सुमारे २ कोटी ५५ लाख स्त्रिया येतात. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी दोन कोटी तीस लाखांहून अधिक स्त्रियांच्या खात्यात रक्कम पोहोचली होती, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष बऱ्यापैकी जुळत होते. प्रचारात महायुतीने ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे, तर महाविकास आघाडीने ३,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले.

आता १० मार्च २०२५ चा अर्थसंकल्प घ्यावा. त्यात या योजनेसाठी ३६,००० कोटी रुपये ठेवले होते. त्याला १८,००० ने भागले तर नेमक्या २ कोटी स्त्रिया होतात. २,१०० च्या दराने, म्हणजे वर्षाला २५,२०० रुपयांनी भागले तर जेमतेम १ कोटी ४३ लाख. याचा अर्थ असा की रक्कम वाढणार नाही आणि काही लाख स्त्रिया यादीतून कमी होतील, हे त्या एका आकड्यातच लिहिलेले होते. जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याच्या संशयावरून त्यांचा लाभ थांबवल्याचे सरकारने सांगितले. त्यांत पुरुषांच्या नावावरची खातीही निघाली. छाननी आवश्यकच असते, परंतु मतदानाआधी ती ढिली आणि मतदानानंतर कडक होत असेल, तर तो प्रशासकीय योगायोग मानता येत नाही.

तरतूद पाहताना मुख्य अर्थसंकल्पावर थांबू नये. जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वाढीव खर्चासाठी विधिमंडळाकडे मागितलेली मंजुरी, मांडल्या गेल्या आणि त्यांतील २५,००० कोटी याच योजनेसाठी होत्या. अर्थसंकल्पावर कित्येक दिवस भाषणे होतात, पुरवणी मागण्यांवरची चर्चा मात्र पुष्कळदा घाईत उरकली जाते. नंतर हा पैसा कोणत्या खात्यातून वळवला, हे शोधावे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांचे मिळून सुमारे ७४६ कोटी रुपये या योजनेकडे वळवल्याचे उघड झाले, तेव्हा सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. आश्रमशाळेतील मुलीच्या वाट्याचा निधी तिच्या आईच्या खात्यात जमा होत असेल, तर त्या घराची विषमता कमी झाली असे म्हणता येणार नाही. २०२५-२६ साठी राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये अंदाजलेली होती. म्हणजे रोजचा खर्च भागवण्यासाठीही कर्ज काढावे लागणार होते.

हा पैसा कोणाच्या खिशातून येतो

राज्याच्या तिजोरीत वस्तू व सेवा कर, इंधनावरील विक्रीकर, मुद्रांक शुल्क आणि दारूवरील उत्पादन शुल्क यांचा भरणा मोठा असतो. यांतील बहुतेक कर वस्तूच्या किमतीत मिसळलेले असल्याने ते गरीब घरातूनही वसूल होतात. जून २०२५ मध्ये राज्याने दारूवरील शुल्क वाढवले, तेव्हा १४,००० कोटींची भर पडेल असे सांगितले गेले. पत्नीच्या खात्यात आलेली रक्कम पतीच्या व्यसनातून परत वसूल होण्याचा धोका यात आहे, आणि ग्रामीण भागात दारूबंदीसाठी लढलेल्या स्त्रियांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

याउलट व्यवसाय कराकडे पाहावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार तो एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ही मर्यादा १९८८ पासून बदललेली नाही. त्यामुळे महिना ११,००० रुपये पगाराचा पुरुष कामगार आणि महिना ११ लाख रुपये कमावणारा अधिकारी यांना सारखाच कर भरावा लागतो. केंद्राच्या पातळीवर वारसा संपत्तीवरील शुल्क १९८५ मध्ये आणि संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला; २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्याचा पर्याय दिला गेला. यांतील प्रत्येक निर्णयाची काही कारणे असतील, परंतु जाहीरनाम्यात ‘काय देणार’ याची लांब यादी असते आणि ‘कोणाकडून घेणार’ याची एक ओळही नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयीचा भाग आला आणि आश्वासनांसाठी पैसा कसा उभारणार हे ढोबळमानाने सांगावे, असे त्यात म्हटले आहे. उमेदवार दारात येईल तेव्हा त्याला हाच भाग दाखवावा.

त्याचबरोबर पक्षांना पैसा कोण देतो हेही विचारात घ्यावे. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाला मर्यादाच नाही. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. या रोख्यांतून पक्षाला देणगी देणाऱ्याचे नाव मतदाराला कळण्याची सोय त्याआधी नव्हती. ज्यांच्याकडे संपत्ती आहे ते पक्ष चालवणार आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना निवडणुकीपुरती रक्कम मिळणार, अशी वाटणी झाली की मूळ वाटपाचा प्रश्न चर्चेतून निघून जातो.

देण्याची भाषा ऐकावी

लोकानुनय पैशापेक्षा भाषेतून अधिक ओळखू येतो. योजनेचे पहिले हप्ते ऑगस्ट २०२४ मध्ये रक्षाबंधनाच्या आधी जमा झाले आणि सार्वजनिक तिजोरीतील रकमेला भावाच्या ओवाळणीचे रूप मिळाले. भावाकडे बहीण हिशेब मागत नाही. नागरिकाने मात्र सरकारकडे तो मागायचाच असतो. त्याच महिन्यात अमरावतीतील एका कार्यक्रमात एका आमदाराने आशीर्वाद दिला नाही तर पैसे परत घेईन असे म्हटले आणि नंतर तो विनोद असल्याचा खुलासा केला. असे वाक्य विनोदातही सुचते, याचे कारण योजनेच्या रचनेत आहे. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दोन इशारे एकाच भाषणात दिले होते : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा अंतर्विरोध लवकर मिटवला नाही तर लोकशाहीची इमारत कोसळेल, आणि राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेईल. दोन्ही इशारे एकत्र वाचावेत, कारण विषमता टिकून राहिली तरच दात्याची भक्ती टिकते.

प्रश्न कोठे मांडावा

मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक होता. राज्यातील इतर अनेक पालिका व जिल्हा परिषदांचीही हीच स्थिती होती. खात्यात पैसे येत होते, पण शाळेच्या गळक्या छपराविषयी जाब विचारण्यासाठी नगरसेवक नव्हता. म्हणून ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्यांनी ग्रामसभा सोडू नये. वर्षातून किमान चार घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तेथे विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेता येतो.

वळवलेल्या निधीची किंवा थांबवलेल्या लाभाची माहिती हवी असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्कासह अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात, त्यामुळे ‘योजनेची सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता, आपल्या तालुक्यात अमुक महिन्यात किती स्त्रियांचा लाभ थांबवला, कोणत्या कारणाने थांबवला आणि त्यांना लेखी कळवले का, एवढेच विचारावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातील प्रथम अपीलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे, आणि अर्जाची पोच तोपर्यंत जपून ठेवावी.